यंदाच्या वाचनातील काही कादंबऱ्या

शालेय वार्षिकात शिक्षकाने लिहावयाचे ते विद्यार्थ्यांस काही उपयोगी पडेल असे असावे, अशी अपेक्षा असते आणि ती योग्यच आहे. म्हणूनच कादंबऱ्यांविषयी लिहावयास बसताना आमच्या मनात थोडा संकोच होता. मुलाच्या हाती गणिताचे पुस्तक दिसले की समाधान वाटावे आणि कादंबरी दिसली की चिंता वाटावी, अशा वृत्तीचे पालक आमच्या गावात आजही पुष्कळ आहेत. अलीकडे त्या चिंतेचा मोठा वाटा मोबाइलने उचलला असल्यामुळे कादंबरीस थोडी प्रतिष्ठा आली आहे, एवढाच काय तो फरक. तथापि गेल्या जून महिन्यापासून आम्ही ज्या आठ-दहा कादंबऱ्या वाचल्या त्यांनी आमच्या मनात असे काही घर केले आहे की, ते आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या घरच्या वाचकांपुढे ठेवल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

या कादंबऱ्या आम्ही काही योजना आखून वाचल्या नाहीत. काही शाळेच्या कपाटातून घेतल्या, काही स्नेह्यांकडून आणल्या, एक तर आमच्याच घरी अनेक वर्षे न वाचता पडून होती. त्यांपैकी बहुतेक जुन्या आहेत. नवे पुस्तक म्हणजे नुकतेच छापलेले पुस्तक, असे आम्ही मानीत नाही. जे आपण प्रथमच वाचतो ते आपणांस नवेच असते.

आरंभ रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’पासून करू, कारण आमच्या शाळेच्या कपाटात जिची बांधणी सर्वांत अधिक खिळखिळी झाली आहे ती हीच कादंबरी. १९६२ साली ती प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. देसाई हे बेळगावपासून फार दूर नसलेल्या कोवाडचे, त्यामुळे सीमाभागातील वाचकांस त्यांच्याविषयी विशेष आपलेपणा वाटतो. पानिपतच्या पराभवानंतर १७६१ साली पेशवाईची वस्त्रे ल्यालेले माधवराव त्या वेळी सोळा वर्षांचे होते, म्हणजे आमच्या दहावीच्या वर्गातील मुलांएवढे. आणि १७७२ साली थेऊर येथे क्षयाने त्यांचे देहावसान झाले तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. ही दोन वये ध्यानात ठेवून ही कादंबरी वाचावी, असे आम्ही वर्गात सांगतो. माधवराव व रमाबाई यांचा संसार देसाईंनी फार हळुवारपणे रंगविला आहे, आणि शेवटची प्रकरणे वाचताना डोळे कोरडे राहत नाहीत. मात्र एक गोष्ट आम्हांस खटकली, ती सांगितली पाहिजे. या कादंबरीत पेशवे, सरदार, कारभारी, दासी अशी सर्व थरांतील माणसे आहेत. परंतु ती सारी जवळजवळ एकाच घडवलेल्या, अलंकृत भाषेत बोलतात. वाड्याच्या दिवाणखान्यात ती भाषा शोभते, मुदपाकखान्यात शोभत नाही.

हीच शंका आमच्या मनात ‘ययाति’ वाचताना अधिक बळावली. वि. स. खांडेकर यांच्याविषयी आम्हां गोमंतकीयांस वाटणारा आदर निराळाच आहे. आमच्या पेडणे महालातून तेरेखोलची खाडी ओलांडली की शिरोडे गाव जवळच लागते, आणि त्या गावच्या शाळेत खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. आडगावच्या शाळेत मुलांना शिकवीत त्यांनी केवढे लेखन केले, हे आठवले म्हणजे आमच्यासारख्या शिक्षकास धीरही येतो व लाजही वाटते. ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली, आणि १९७४ साली ज्ञानपीठ पुरस्काराचा मान मिळविणारे खांडेकर हे पहिले मराठी लेखक ठरले. या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे आपापली कहाणी आळीपाळीने सांगतात. रचना मोठी आकर्षक आहे. पण पुस्तक मध्येच कोठेही उघडून, प्रकरणाचा मथळा झाकून चार ओळी वाचाव्यात आणि हे कोण बोलत आहे ते ओळखावे, असा प्रयोग आम्ही करून पाहिला. प्रसंगाच्या आधाराने ओळख पटते, बोलण्याच्या ढबीवरून पटत नाही. तिघांच्याही मुखातून सुभाषितांवर सुभाषिते येतात. खांडेकरांचे विचार उदात्त आहेत, त्यांची कळकळ निःसंशय खरी आहे. तरी तीन माणसे बोलत आहेत असे न वाटता एक थोर शिक्षक तीन वर्गांत शिकवीत आहेत असे वाटत राहते.

ही गोष्ट आम्हांस इतकी का खटकावी? याचे कारण आमच्याच घरात आहे, आणि आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्याही घरात आहे. आमची मातृभाषा कोंकणी. घरात चुलीपाशी, शेतात, मासळीबाजारात आम्ही कोंकणी बोलतो. परंतु देवघरातील पोथी, देवळातले कीर्तन, सकाळचे वर्तमानपत्र आणि शाळेतील पुस्तक हे सारे मराठीत. अशा रीतीने दोन भाषांच्या मांडीवर आम्ही वाढलो. त्यात काही वाईट नाही. दोन आया असणे हे भाग्यच म्हटले पाहिजे. पण त्याचा एक परिणाम होतो. मुलाच्या मनात नकळत अशी समजूत रुजते की, घरात जे बोलतात ते केवळ बोलण्यापुरते आणि पुस्तकात जे छापतात तेच खरे.

गेल्या सहामाही परीक्षेत ‘माझी आजी’ या विषयावर आम्ही निबंध घातला होता. एका मुलाने फार चांगला लिहिला. पण त्यातली आजी पहाटे उठून नातवाला विचारते, ‘बाळ, तू कोठे निघालास?’ त्या आजीला आम्ही ओळखतो. त्या बाईंनी जन्मात असे वाक्य उच्चारलेले नाही. त्यांनी विचारले असेल ते ‘खंय वता रे बाबा?’ असे. आम्ही त्या मुलाला बोलावून विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “सर, तसे लिहिले तर आपण लाल रेघ माराल.” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. ‘मी खंय गेलो’ असे त्याने स्वतःच्या निवेदनात लिहिले असते तर आम्ही लाल रेघ मारलीच असती, आणि मारावयासच हवी. प्रमाण मराठी नीट लिहिता येणे हे त्याच्या परीक्षेसाठी व पुढील आयुष्यासाठी आवश्यक आहे. परंतु आजीच्या तोंडी आजीचीच भाषा घालण्यास कोणत्याही व्याकरणाची आडकाठी नाही. हे त्याला पटवून देण्यासाठी आम्ही पुस्तके शोधू लागलो, आणि आमचे या वर्षीचे खरे वाचन तेथून सुरू झाले.

प्रथम हाती आले ते जयवंत दळवी यांचे ‘सारे प्रवासी घडीचे’. हे १९६४ साली निघालेले पुस्तक. दळवी आरवलीचे, म्हणजे पुन्हा शिरोड्याच्याच शेजारचे. कादंबरी म्हणावी की व्यक्तिचित्रांची माळ म्हणावी, असा प्रश्न पडतो, पण त्या वादात पडण्याचे कारण नाही. त्यातील माणसे मालवणीत बोलतात. ‘माका’, ‘तुका’, ‘खय’ हे शब्द छापील मराठी पुस्तकात दिसताच आमच्या त्या विद्यार्थ्याचा चेहरा असा काही उजळला की, तो पाहण्यासारखा होता. मालवणीतले ‘माका’ ते आमच्या कोंकणीतले ‘म्हाका’. मध्ये फक्त एक खाडी आहे. पुस्तक विनोदी आहे, पण हसता हसता एक गाव हळूहळू मरताना आपण पाहत असतो, हे शेवटी लक्षात येते.

श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’विषयी (१९५२) येथे अधिक लिहीत नाही. तिची कीर्ती सर्वश्रुत आहे आणि तिची खरी गोडी मुलांना आणखी काही वर्षांनी कळेल. पेंडशांच्या ‘रथचक्रा’कडे आम्ही पुढे येणारच आहोत.

आता ‘बनगरवाडी’. या वर्षी वाचलेल्या पुस्तकांपैकी एकच जवळ ठेवा, असे कोणी म्हणाले तर आम्ही हेच ठेवू. व्यंकटेश माडगूळकर यांची ही कादंबरी १९५५ सालची. जेमतेम दीडशे पानांचे पुस्तक. दोन संध्याकाळी वाचून होते आणि मग कित्येक दिवस मनातून जात नाही. माडगूळकर माणदेशातले, जुन्या औंध संस्थानातील माडगूळे गावचे. कोवळ्या वयाचा एक मास्तर, राजाराम विठ्ठल सौंदणीकर, धनगरांच्या एका लहानशा वाडीवर शिक्षक म्हणून नेमला जातो आणि पहाटेच्या अंधारात पायी निघून तेथे पोहोचतो. इतकाच आरंभ. शाळा आहे, पण शाळेत मूल नाही. कारण मूल शाळेत बसले तर मेंढरांमागे कोणी जावयाचे?

हा प्रश्न आम्हां शिक्षकांस पुस्तकातला वाटत नाही. भातलावणीच्या दिवसांत आमच्याही वर्गातील बाके रिकामी होत, आणि मासेमारीचा हंगाम सुरू झाला की किनाऱ्यावरच्या मुलांची नावे पटावर नुसती शाईने उरत, असे आमच्या वडील पिढीतील शिक्षक सांगत आले आहेत. माडगूळकरांचे वैशिष्ट्य असे की, ते या प्रश्नावर भाषण करीत नाहीत. मास्तर वाडीतल्या म्हाताऱ्या कारभाऱ्याकडे जातो, कारभारी शब्द टाकतो, आणि मुले हळूहळू येऊ लागतात. मग लोक मास्तरकडे येतात ते मुलांच्या अभ्यासासाठी नव्हे. कोणाला पत्र वाचून हवे असते, कोणाला बाजारातून काही आणून हवे असते, कोणाचे भांडण मिटवावयाचे असते. वाचता-लिहिता येणारा एकच माणूस गावात असला म्हणजे तो शिक्षक राहत नाही. तो टपालखाते होतो, कचेरी होतो, आणि त्याला हवे असो वा नसो, न्यायाधीशही होतो.

या वाडीतली माणसे किती थोड्या रेषांत उभी राहतात! रामोशी आनंदा, ज्याचा धंदाच चोरी, तरी ज्याच्यावर राग धरता येत नाही; आयबू नावाचा मुलाणी पोर, ज्याला स्वतःचे असे कोणी नाही आणि जो मास्तरच्या सावलीसारखा वावरतो; कारभाऱ्याची मुलगी अंजी. आणि शेकू. शेकूजवळ बैल एकच. पेरणी-मशागतीच्या दिवसांत जोडीला दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको जुवाखाली आपला खांदा देते. हा प्रसंग आम्ही नववीच्या वर्गात वाचून दाखविला. अशा ठिकाणी लेखकास विशेषणे वापरण्याचा मोह होतो. वाचकाची दया जागी करावी, समाजास दोष द्यावा, असे वाटते. माडगूळकर तसे काहीच करीत नाहीत. जे घडले ते सांगतात आणि पुढे जातात. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मागच्या बाकावरील एका मुलीने मग विचारले, “सर, तिचे नाव काय?” पाठ्यपुस्तकाखाली छापलेल्या पाचही प्रश्नांपेक्षा हा प्रश्न आम्हांस मोलाचा वाटला.

मास्तरच्या पुढाकाराने वाडी आपल्या श्रमाने तालीम बांधते आणि तिच्या उद्घाटनास औंधचे राजेसाहेब येतात. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे ते राजे. तेव्हा तालमीला येणे त्यांना शोभणारेच होते. एखाद्या सामान्य लेखकाने कादंबरी येथेच संपविली असती. वाडी सुधारली, मास्तर यशस्वी झाला, जयजयकार! पण पुढच्या वर्षी पाऊस पडत नाही. मेंढरे मरू लागतात, माणसे उरलेली मेंढरे घेऊन जगण्यासाठी बाहेर पडतात, वाडी ओस पडते. शाळेत पुन्हा मूल उरत नाही, आणि मास्तरही निघतो. आरंभी मुले नव्हती ती माणसांच्या अनिच्छेमुळे. शेवटी नाहीत ती आभाळाच्या अनिच्छेमुळे. मास्तरचे काय चुकले? काहीच नाही. ज्याचे काही चुकले नाही त्याचेही काम वाया जाऊ शकते, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा सांगितली जात नाही. ती येथे सांगितली आहे, आणि तरी पुस्तक मिटताना मन खचलेले नसते. असे का व्हावे, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. कदाचित त्या माणसांचे बोलणे कानात राहते म्हणून असेल. वाडी उठली, पण तिचा आवाज उठला नाही.

‘बनगरवाडी’ शाळेच्या आतून लिहिली आहे. शाळेच्या बाहेर जी आई उभी असते तिच्या बाजूने पाहावयाचे असेल तर उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) वाचावी. ही वऱ्हाडातली कादंबरी. कौतिक ही तिची नायिका. तिचा नवरा महादेव शिंपी आहे, पण कामात त्याचे मन नाही. पुढे त्याला महारोग जडतो. मुले तीन: भीमा, नामा आणि यसोदी. कौतिक मोलमजुरी करते, उसनवार करते, लोकांचे टोमणे सोसते, आणि नामाने शिकावे ही एक इच्छा मनाशी धरून बसते. हे सारे सांगितल्यावर कोणासही वाटेल की, ही आपल्या परिचयाची दुःखी आईची कथा असणार. ती तशी नाही. कौतिकला वाचकाची कीव नको आहे. ती भांडखोर आहे, हट्टी आहे, कधी कधी चुकीचा हट्टही धरते. शेवटी ती ज्या स्थितीला पोहोचते ते वाचवत नाही; माणसाचे भान हरपावे इतके ओझे एका खांद्यावर ठेवले तर काय होईल, तेच होते.

आणि या कादंबरीतले संवाद! ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’. प्रथम दहा-वीस पाने आम्हांस अडखळावयास झाले. कोंकणी माणसास वऱ्हाडी ही जवळजवळ परभाषाच. पण पंचवीस-तीस पानांनंतर कान सरावला आणि मग लक्षात आले की, कौतिकच्या तोंडी दुसरी कोणतीही भाषा शोभली नसती. तिला पुण्याचे मराठी बोलावयास लावले असते तर ती कौतिक राहिलीच नसती. आमच्या निबंधवाल्या विद्यार्थ्यास आम्ही हेच दाखविले. शेळक्यांचे निवेदन प्रमाण भाषेत आहे, संवाद वऱ्हाडीत आहेत, आणि दोहोंमधला सांधा कोठे दिसत नाही. लेखकास दोन्ही येत होते म्हणून हे साधले. आमच्या मुलांनाही दोन्ही येतात. फक्त त्यांना ते आपले भांडवल आहे असे कोणी सांगितलेले नसते.

‘रथचक्र’ (१९६२) ही पेंडशांची कादंबरी ‘धग’नंतर लगेच वाचली, हा योगायोग. दोहोंत दोनच वर्षांचे अंतर आहे. एक वऱ्हाडातली, दुसरी कोकणातली. पण दोहोंच्या मध्यभागी एकच प्रतिज्ञा आहे, माझा मुलगा शिकला पाहिजे. पेंडशांच्या नायिकेला कादंबरीभर नाव नाही. नवरा घर सोडून निघून गेलेला, भरल्या एकत्र कुटुंबात तिला व तिच्या मुलांना कोणी विचारीत नाही, आणि मुलांच्या शिक्षणासाठी ती त्या घराचा उंबरठा ओलांडते. कौतिक मोडते ती दारिद्र्याने. येथली ‘ती’ दारिद्र्यास पुरून उरते. तिचा घात निराळाच आहे, आणि तो कोणता हे आम्ही सांगणार नाही, कारण वाचकांचा तेवढा हक्क राखला पाहिजे. इतकेच म्हणतो की, मुलाचे यश हाती आल्यावर त्या बाईच्या हाती काय उरते, हा प्रश्न पेंडशांनी मोठ्या धैर्याने विचारला आहे. १९६३ साली या कादंबरीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या मते ‘गारंबीचा बापू’पेक्षा ही अधिक मोठी कादंबरी आहे, बापूवर लेखकाचे फार प्रेम आहे, या बाईकडे तो निर्दय सत्यनिष्ठेने पाहतो.

या दोन पुस्तकांनंतर जूनमधील प्रवेशाचे दिवस आम्हांस निराळे दिसू लागले आहेत. मुलाचा दाखला पदरात गुंडाळून कार्यालयासमोर उभी असलेली बाई पूर्वीही दिसत असे. आता तिच्या हातातला कागद घेताना आपण नेमके काय हाती घेत आहोत, याची जाणीव अधिक होते.

आयांनी इतके सोसून शिकविलेला मुलगा पुढे काय करतो? याचे एक उत्तर, आणि मोठे अस्वस्थ करणारे उत्तर, भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त आहे. १९६३ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा नेमाडे पंचविशीतले होते. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातल्या एका सधन घरातला मुलगा. तो पुण्यास महाविद्यालयात येतो, वसतिगृहात राहतो, पैसे उधळतो, सर्व गोष्टींची थट्टा करतो आणि अखेर गावी परत जातो. आम्ही ती प्रथम महाविद्यालयात असताना वाचली होती व तेव्हा पोट धरून हसलो होतो. यंदा पुन्हा वाचली तेव्हा हसू आले ते पहिल्या भागात. त्याची धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूपाशी आलो आणि पुढे थट्टेचा प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येऊ लागला. तो मुलगा हसत नव्हता. ही कादंबरी शाळकरी मुलांनी घाईने वाचू नये, असे आमचे मत आहे. पण महाविद्यालयात जाण्यापूर्वीच्या सुटीत अवश्य वाचावी. आई-वडिलांनी वाचली तर आणखी बरे.

येथे मध्येच एका फार जुन्या पुस्तकाचा उल्लेख करतो. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येऊन १८९३ साली पुस्तकरूपाने निघाली. आमच्या घरी वर्षानुवर्षे पडून होती ती हीच. ती लांब आहे, संथ आहे, आणि मधली काही प्रकरणे गाळली तरी चालतील असे वाटते. परंतु यमू स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते, आणि ती पुण्यातल्या एका मुलीच्या बोलीत सांगते, पंडिताच्या भाषेत नव्हे. नवरा रघुनाथराव तिला लिहावयास-वाचावयास उत्तेजन देतो. मुंबईतले ते थोडे सुखाचे दिवस, आणि त्यानंतर वैधव्याने कोसळलेले सर्व काही. आपल्या वर्गात आज मुली मुलांच्या बरोबरीने बसतात. यमूला जे चोरून व भीत भीत मिळवावे लागले ते या मुलींना घंटा वाजली की मिळते, आणि कधी कधी कंटाळवाणेही वाटते! कंटाळा येण्याइतके शिक्षण सुलभ झाले, हेही हरिभाऊंसारख्यांचेच ऋण मानावे.

शेवटी आमच्या मातृभाषेकडे येतो. मराठी शाळेच्या वार्षिकात कोंकणी कादंबरीविषयी लिहावे की नाही, असा प्रश्न एका सहकाऱ्याने केला. आम्हांस त्यात काही अडचण दिसत नाही. दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ १९८१ साली प्रसिद्ध झाली व १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मावजो यांस पुढे ज्ञानपीठ पुरस्कारही लाभला. ते सासष्टीतील माजोर्ड्याचे, आणि ही कथाही त्याच बाजूच्या ख्रिस्ती समाजातली. कार्मेलीनचा नवरा व्यसनी; संसार सावरण्यासाठी आणि मुलगी बेलिंडा हिच्या शिक्षणासाठी ती आया म्हणून कुवेतला जाते. परक्याची मुले सांभाळावयास आपले मूल मागे ठेवून जावे लागते, आणि तेथे जे वाट्यास येते ते घरी कोणाला सांगता येत नाही. गोव्यातील किती तरी घरांत परदेशातून येणाऱ्या पैशावर कौले बदलली, खोल्या वाढल्या. त्या कौलांखालची ही गोष्ट आहे.

कौतिक, पेंडशांची अनामिका आणि कार्मेलीन. एक वऱ्हाडची, एक दापोलीकडची, एक सासष्टीची. दोन हिंदू, एक ख्रिस्ती. तिघी एकमेकींना भेटल्या असत्या तर बोलणे समजावयास प्रथम थोडा वेळ लागला असता, इतक्या त्यांच्या बोली निराळ्या. पण तिघींच्याही जिवाचा घोर एकच. ‘कार्मेलीन’ आम्ही आमच्या घरच्या भाषेत वाचली, तेव्हा एक विलक्षण अनुभव आला. मराठी कादंबरी वाचताना आम्ही नेहमी थोडे ताठ बसतो, वर्गात बसल्यासारखे. येथे पहिल्याच पानावर आम्ही भिंतीला टेकलो. पुस्तक आमच्याशी आमच्या शेजारणीच्या आवाजात बोलत होते. मराठी शिकल्याचा आम्हांस अभिमान आहे आणि तो राहील. ‘बनगरवाडी’ आम्हांस मराठीनेच दिली. परंतु घरच्या बोलीतले मोठे पुस्तक वाचले नसते तर माडगूळकरांचा धनगर आणि शेळक्यांची कौतिक यांच्या बोलीचे मोल आम्हांस निम्मेच कळले असते, असे वाटते.

सध्या आमच्या मेजावर महाबळेश्वर सैल यांची ‘हावठण’ आहे. सैल कोंकणीत लिहितात व मराठीतही लिहितात; या कोंकणी कादंबरीस २०१६ सालचा सरस्वती सन्मान मिळाला. ती गोव्यातील कुंभार समाजाविषयी आहे, आणि हावठण म्हणजे मडकी भाजण्याची भट्टी. आमची अजून साठ पानेही झालेली नाहीत, त्यामुळे मत देणे घाईचे होईल. पुस्तक मेजावर पाहून आठवीतील एक मुलगी थांबली आणि मुखपृष्ठावरील शब्द मोठ्याने वाचून म्हणाली, “सर, हा तर आमच्या आजोबांचा शब्द!” तिच्या घरी आता मडकी घडत नाहीत, पण आजोबा आहेत, आणि मडकी कशी रचतात, वर काय घालतात, विस्तव किती वेळ ठेवतात, हे सारे त्यांना पाठ आहे, असे ती म्हणाली. ते सगळे विचारून आजोबांच्याच शब्दांत लिहून आणण्यास आम्ही तिला सांगितले आहे. तिची दोन पाने आली आहेत. तिसरे पावसाळ्यात भट्टी बंद असताना आजोबा काय करीत, यावर होणार आहे.